बोटीच्या काळ्या पाण्यातून तेल काढणारा बेल्ट स्किमर: दोन बंदीकाळांचा अनुभव

उरणजवळच्या करंजा बंदरालगत माझं बोटींच्या इंजिनदुरुस्तीचं वर्कशॉप आहे. १ जूनला मासेमारीबंदी लागली की बोटी किनाऱ्याला लागतात आणि ३१ जुलैपर्यंत आम्हाला धड जेवायला उसंत मिळत नाही. इंजिन खोलायचं तर आधी इंजिनखणात साचलेलं पाणी उपसावं लागतं. पंख्याचा शाफ्ट बोटीबाहेर जातो तिथल्या ग्लँडमधून ठिबकलेलं खारं पाणी, सीलमधून गळलेलं इंजिन ऑइल, फिल्टर बदलताना सांडलेलं डिझेल आणि वर्षभराची काजळी, असं सगळं त्यात असतं. आमच्या वर्कशॉपात त्याला काळं पाणी म्हणतात. एका ट्रॉलरमधून शंभर-दीडशे लिटर सहज निघतं.

हे पाणी वर्षानुवर्षं खाडीत जात आलंय. माझ्या वडिलांनी सोडलं, मीही सोडलं. आई ओहोटीला खडकावर कालवं फोडायला जायची. मी दहावीत असताना एकदा तिने आणलेल्या कालवांना शिजताना घासलेटचा वास आला. तिने काही न बोलता अख्खं पातेलं मागच्या परसात ओतलं. त्या आठवड्यात आमच्याकडे तीन बोटींचं काम चाललं होतं. वडिलांनी ते पातेलं पाहिलं आणि जेवायला बसलेच नाहीत.

दुसरी आठवण ७ ऑगस्ट २०१०ची. मुंबई बंदराच्या तोंडाशी एमएससी चित्रा आणि खलिजिया-३ ही दोन जहाजं एकमेकांवर आदळली. चित्रा कलंडली, तिच्यावरचे कंटेनर समुद्रात पडले आणि टाक्यांमधलं शेकडो टन जळण पाण्यावर पसरलं. नारळी पौर्णिमा तोंडावर आली होती, जाळी शिवून तयार होती आणि आमच्या बाजूच्या तिवरांच्या मुळांवर काळा लेप चढला होता. बाजारात मासळी घ्यायला लोक घाबरत होते. तटरक्षक दलाची हेलिकॉप्टरं वरून औषध फवारत होती. त्या औषधाने तेल उचललं जात नाही, त्याचे बारीक थेंब होऊन ते पाण्यात मिसळतं, हे मला नंतर कळलं. आणि आपण इंजिनखणात धुण्याची पावडर टाकून पाणी उपसतो तेव्हा नेमकं तेच करतो, हे कळायला तर आणखी बरीच वर्षं गेली.

म्हणून २०२३च्या मे महिन्यात मी हा बेल्ट स्किमर घेतला. भोसरीच्या एमआयडीसीतला एक छोटा कारखानदार बनवतो. जीएसटी आणि टेम्पोभाडं धरून साडेअठ्ठावीस हजार पडले. मूळ यंत्र धातू कापणाऱ्या सीएनसी मशीनच्या कूलंटवर, म्हणजे कापताना थंडाव्यासाठी सोडलेल्या पाण्यावर, तरंगणारं तेल काढायला केलेलं आहे. बोटीच्या पाण्यासाठी कोणी घेतलाय का, असं विचारलं तर मालक म्हणाले, “दादा, तुम्ही पहिले. चाललं तर कळवा.” हा अभिप्राय त्यांना फोनवर सांगून झालाय, इथे सविस्तर लिहितोय, कारण रत्नागिरीच्या मिरकरवाड्यापासून मुंबईच्या ससून डॉकपर्यंत माझ्यासारखी कामं करणारे बरेच आहेत.

यंत्र अगदी साधं आहे. वर गिअर लावलेली छोटी मोटर, घरच्या २३० व्होल्टवर चालणारी. तिच्या पुलीवरून चार इंच रुंदीचा स्टेनलेस स्टीलचा पट्टा खाली ड्रमात लोंबतो. खालच्या टोकाला वजनाची पुली असते, ती पट्टा ताणून धरते. पट्टा पाण्यात बुडून वर येतो तेव्हा पृष्ठभागावरचं तेल त्याला दोन्ही बाजूंनी चिकटतं आणि पाणी बरंचसं खाली ओघळतं. वर दोन वायपर पट्टा पुसून काढतात, तेल पन्हळीतून डब्यात पडतं. पंप नाही, जाळी नाही, त्यामुळे तुंबायला जागाच नाही. इंजिनखणातल्या पाण्यात चिंध्या, काथ्याचे तुकडे, माशांचे खवले, विडीची थोटकं असं सगळं असतं. त्याने पंप तासाभरात बंद पाडला असता. स्किमर दोन मोसमांत कचऱ्याने एकदाही थांबला नाही.

आता तेल किती निघतं, ते सांगतो. पत्रकात ताशी ८ लिटर लिहिलंय. मी घड्याळ लावून मोजलं. चार बोटं जाडीचा इंजिन ऑइलचा थर होता तेव्हा पहिल्या तासात चार लिटरच्या आसपास निघालं. थर पातळ होत गेला तसं प्रमाण उतरलं आणि तिसऱ्या तासाला डब्यात तेलासोबत पाणीही येऊ लागलं. नुसत्या डिझेलचा थर असेल तर ताशी सव्वा लिटर मिळालं तरी समाधान मानावं. डिझेल पातळ, पट्ट्यावर त्याचा थर धरत नाही. त्यात यंत्राचा दोष नाही, पण पत्रकात ‘कोणत्या तेलाला किती’ हे लिहायला हवं होतं. खरेदी करणाऱ्याने ८ या आकड्यावर हिशेब बांधू नये.

उलट टोकालाही अडचण आहे. ग्रीस आणि काजळीत घट्ट झालेला गाळ पट्ट्याला चिकटतच नाही, पट्टा त्यात आपली वाट कापून फिरत राहतो आणि गाळ जागचा हलत नाही. जानेवारी २०१७मध्ये चेन्नईजवळ एन्नोरला दोन जहाजं धडकली, तेव्हा किनाऱ्याला लागलेलं जड तेल समुद्राच्या पाण्याशी घुसळून इतकं दाट झालं होतं की माणसं हातात बादल्या घेऊन ते उपसत होती. त्या फोटोंकडे बघून तेव्हा लोक म्हणाले, देशाकडे यंत्रं नाहीत का? यंत्रं होती. घट्ट तेल पंपाने ओढवत नाही, एवढंच. आमच्या ड्रमात हे छोट्या प्रमाणात दर आठवड्याला दिसतं. असा गाळ आम्ही पत्र्याच्या पळीने काढतो आणि वेगळ्या डब्यात भरतो.

पण या खरेदीत मला सगळ्यात मोलाची वाटते ती गोष्ट यंत्रासोबत आलीच नव्हती. पहिल्या आठवड्यात मी बोटीतून पंपाने उपसलेलं पाणी थेट ड्रमात सोडायचो आणि लगेच स्किमर सुरू करायचो. डब्यात चहासारखं तपकिरी पाणी पडायचं. वाटलं, पैसे वाया गेले. भोसरीला फोन लावला. मालकांनी दोन प्रश्न विचारले: पंप कुठला वापरता आणि खणात साबण टाकता का? पंप गरगर फिरणाऱ्या पंख्याचा होता आणि धुण्याची पावडर तर मूठ-मूठ टाकायचो. ते म्हणाले, तुम्ही आधी तेलाचं ताक करता आणि मग त्यातून लोणी मागता.

त्या दिवसापासून कामाची रीत बदलली. तेलाचा थेंब पाण्यातून किती वेगाने वर येतो हे त्याच्या आकारावर ठरतं. थेंबाचा व्यास निम्मा झाला तर वेग चौथाईवर येतो. फिरता पंप थेंब चिरडतो, साबण त्यांना पुन्हा एकत्र येऊ देत नाही. मग असं पाणी आठवडाभर ठेवलं तरी वरून दुधाळ आणि खालून दुधाळच राहतं. आता मी हाताने चालवायचा डायफ्रॅम पंप वापरतो, त्यात फिरता पंखा नसतो, रबरी पडदा मागेपुढे होऊन पाणी ओढतो. खणात काम करणाऱ्या प्रत्येक पोराला सांगून ठेवलंय की पावडर, शॅम्पू, लिक्विड काही टाकायचं नाही. धुवायचंच असेल तर पाणी उपसून झाल्यावर, आणि ते धुवण वेगळ्या ड्रमात. आपलं पाणी खारं असतं हा एक फायदा आहे. गोड्या पाण्यापेक्षा ते जड असल्याने तेल त्याच्यावर जरा लवकर येतं.

काळं पाणी आधी दोनशे लिटरच्या पहिल्या ड्रमात २४ तास नुसतं स्थिर ठेवतो. पाणी ड्रमात वरून धबाधबा ओतायचं नाही, पाइपाचं तोंड मध्यावर आडवं ठेवून हळू सोडायचं. दुसऱ्या दिवशी वर काळा थर, मधे पाणी, तळाला गाळ असं स्वच्छ तीन पदरी दिसतं. मग स्किमर वरचा थर उचलतो.

स्किमरच्या डब्यात शेवटी शेवटी पाणी येतंच, ते वेगळं करायला मी शेजारी ५० लिटरचा छोटा ड्रम केला. त्याच्या तळातून एक पाइप बाहेर काढून उभा वर नेला आणि वरून खाली वाकवला, हंसाच्या मानेसारखा. ड्रमाच्या वरच्या कडेला तेलाचं तोंड, आणि ही मान त्या तोंडापेक्षा दीड-दोन इंच खाली. आत तेल-पाणी येत राहतं, जड पाणी तळातून मानेवाटे बाहेर पडतं, तेल वर साचून आपल्या तोंडातून दुसऱ्या डब्यात जातं. वीज नको, नळ उघडझाप नको. पहिल्यांदा केलं तेव्हा एक चूक झाली. मानेच्या सर्वात उंच जागी हवेला भोक ठेवलं नव्हतं. मान पाण्याने भरली, सायफन लागला आणि रात्रीत अख्खा ड्रम, तेलासकट, पाइपातून बाहेर वाहून गेला. सिमेंटच्या पाळीमुळे तेल वर्कशॉपाबाहेर गेलं नाही, पण ते पुसून काढण्यात दोन माणसांचा पूर्ण दिवस गेला. कोणी करणार असाल तर त्या जागी टी (इंग्रजी T आकाराचा पाइपाचा जोड) बसवा आणि तिचं वरचं तोंड उघडं ठेवा. आणि ड्रमांखाली पाळ बांधल्याशिवाय तर हे काम सुरूच करू नका.

त्या दिवशी पांढऱ्या शोषक पॅडची किंमत कळली. पॉलीप्रॉपिलीनचे असतात, पातळ गोधडीच्या चौकोनांसारखे. त्यांना तेल लागतं, पाणी लागत नाही. ओल्या फरशीवर टाकले तरी पाणी सोडून तेलच पितात, स्वतःच्या वजनाच्या दहापट तरी. आम्ही आधी लाकडाचा भुसा वापरायचो. भुसा पाणीही पितो, जड होऊन बुडतो आणि मग तेल लागलेला भुसा तळातून खरवडावा लागतो. कॉटन वेस्टचं तेच. पॅड महाग आहेत म्हणून आम्ही ते दोनच ठिकाणी वापरतो: सांडलेलं टिपायला आणि स्किमरने जेवढं काढता येईल तेवढं काढल्यावर पाण्यावर उरलेला इंद्रधनुष्यी तवंग टिपायला. पॅड पिळून दोन-तीनदा वापरता येतो, त्यानंतर त्याची ताकद उरत नाही. वापरलेला पॅड साध्या कचऱ्यात टाकता येत नाही, तोही तेलकट कचराच. हे दुकानदार सांगत नाहीत.

यंत्राच्या तक्रारी आहेत. मोटरची चौकट साध्या लोखंडाची, वर पावडर कोटिंग. पुण्याच्या कोरड्या शेडमध्ये दहा वर्षं टिकेल, आमच्या खाऱ्या हवेत पहिल्याच पावसाळ्यानंतर बोल्टाच्या भोकांभोवती गंज फुटला. मी चौकट काढून घासली, रेड ऑक्साइड लावून वरून बोटीचा इपॉक्सी रंग दिला. मोटरला पावसापासून आडोसा नाही, तो स्वतः करावा लागला. वायपरची रबरं पाच महिने टिकली. नवी जोडी कुरिअरने चार दिवसांत आली, पण एक जादा जोडी यंत्रासोबत द्यायला हरकत नव्हती. माहितीपत्रक फक्त कूलंटबद्दल बोलतं, आणि तेही इंग्रजीत. माझ्याकडच्या पोरांसाठी मी मराठीत कागद लिहून भिंतीला चिकटवला.

त्या कागदावरची पहिली ओळ सुरक्षेची आहे. पेट्रोलवर चालणाऱ्या आउटबोर्ड होडीचं पाणी या ड्रमात घ्यायचं नाही. मोटर साधी आहे, ठिणगी पडू शकते, आणि पेट्रोलची वाफ दिसत नाही. डिझेल असलं तरी शेडची दोन्ही बाजूंची दारं उघडी ठेवूनच यंत्र चालवतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं. हे यंत्र तरंगणारं तेल काढतं, बस्स. पाण्यात मिसळून गेलेलं तेल ते काढत नाही. मोठ्या जहाजांना इंजिनखणातलं पाणी समुद्रात सोडायचं असेल तर त्यात तेल दहा लाख भागांत १५ भागांपेक्षा जास्त चालत नाही, जहाजांमुळे होणारं समुद्राचं प्रदूषण रोखणाऱ्या मार्पोल या आंतरराष्ट्रीय कराराचा नियम आहे, आणि त्यासाठी त्यांच्याकडे गाळण्या व मोजणारं उपकरण असतं. माझ्या ड्रमातलं पाणी डोळ्यांना स्वच्छ दिसलं तरी ते तिथवर पोचतं असं मी म्हणू शकत नाही. एका तांडेलाने (बोटीच्या प्रमुखाने) बाटलीत पाणी भरून उन्हात धरलं आणि म्हणाला, “सोड की आता खाडीत, आरशासारखं झालंय.” सोडलं नाही. हे पाणी आम्ही पॅड भरलेल्या ड्रमातून गाळून पुढच्या बोटीचा खण पहिल्यांदा धुवायला वापरतो. पुन्हा पुन्हा वापरून खराब झालं की गाळासोबत टँकरने जातं. स्किमर घेऊन तुम्ही खाडीत पाणी सोडायला मोकळे झालात असं कोणी विक्रेता म्हणाला तर त्याच्याकडून घेऊ नका. माझ्या विक्रेत्याने तसं म्हटलं नाही, हे त्याच्या बाजूने नोंदवतो.

निघालेल्या तेलाचं काय करायचं, हा प्रश्न यंत्र घ्यायच्या आधी सोडवा. वापरलेलं तेल घातक कचऱ्यात मोडतं, ते नोंदणी असलेल्या पुनर्प्रक्रिया करणाऱ्यालाच द्यावं लागतं. आमच्याकडे येणारा भंगारवाला लिटरमागे दोन पैसे जास्त देतो, पण ते तेल कुठल्या भट्टीत जळतं ते तो सांगत नाही. मी त्याला देणं बंद केलं. नोंदणी असलेल्या टँकरवाल्याची एकच अडचण होती, तो दोनशे-चारशे लिटरसाठी पनवेलहून यायला तयार नसतो. शेवटी शेजारच्या दोन वर्कशॉपांना सोबत घेतलं, तेल एकत्र साठवलं आणि एका फेरीत दिलं. तेलात पाणी किती आहे यावर भाव ठरतो, म्हणून तो छोटा हंसमानेचा ड्रम स्वतःची किंमत काढतो. पहिल्या खेपेला पाण्यासाठी भाव कापला गेला, दुसऱ्या खेपेला नाही.

दोन बंदीकाळांत ३८ बोटींचं पाणी या ड्रमांतून गेलं, अंदाजे साडेपाच हजार लिटर. त्यातून तेल निघालं ६४० लिटर. वहीत प्रत्येक बोटीपुढे आकडा आहे. त्याचा मला अपेक्षित नव्हता असा उपयोग झाला. एका बोटीचा आकडा एकदम २९ लिटर आला. मालकाला विचारलं, तर वाटेत ऑइल वारंवार भरावं लागत होतं पण कोणी मनावर घेतलं नव्हतं. इंजिनातलं ऑइल अडवणारं मागचं क्रँक सील फाटलेलं निघालं. ते तसंच राहिलं असतं तर भर समुद्रात इंजिन बसायची भीती होती. आता मालक स्वतःहून विचारतात, आपलं किती निघालं? आकडा कमी आला की खूश होतात.

पैशांचं विचाराल तर नुसत्या तेलाच्या विक्रीतून यंत्र लवकर फिटणार नाही. मी प्रत्येक बोटीमागे पाणी उपसण्याचे २०० रुपये जास्त लावतो. पहिल्या वर्षी चौघांनी कुरकुर केली, त्यातला एक दुसऱ्या वर्कशॉपात गेला. बाकीचे देतात. कोणाकडे वर्षाला पाच-सहाच बोटी येत असतील तर त्याने स्किमर घेऊ नये. त्याच्यासाठी दोन ड्रम, हाताचा पंप, पळी आणि पॅडचं एक पाकीट पुरेसं आहे. स्थिर ठेवलेल्या ड्रमातून पळीनेही निम्म्याहून जास्त तेल निघतं, वेळ जातो एवढंच. पंधरा-वीस बोटींपुढे मात्र घ्याच. मच्छीमार सोसायटीने जेटीवर एक बसवला आणि सगळ्यांना वापरायला दिला तर त्याहून उत्तम, मी बसवून द्यायला तयार आहे, मजुरी नको.

कारखानदाराला माझ्या तीन मागण्या आहेत: चौकट स्टेनलेसची करा, भाव दोन हजारांनी वाढला तरी चालेल. पन्हळीखाली हंसमानेचा छोटा डबा यंत्रासोबतच द्या. आणि मोटरला पावसाचं झाकण द्या. चौकटीचं त्यांनी मान्य केलंय, नवा नमुना मे अखेरीस पाठवतो म्हणालेत.

माझ्याकडच्या यंत्राचा पट्टा अजून मूळचाच आहे, जोडाच्या जागी थोडा वाकलाय पण चालतो. वायपरची तिसरी जोडी आणून ठेवली आहे. गेल्या आठवड्यात रेवसच्या एका तांडेलाने फोन केला, बंदी लागायच्या आधी खण उपसून ठेवतो म्हणाला, पाणी कॅनमध्ये भरून फेरीबोटीने घेऊन येऊ का? मी म्हटलं, “आण. फक्त साबण टाकू नको.”